वाहन-दुरुस्तीची कर्मशाळा : विजेची बचत आणि कामगाराचा श्वास

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला की तो वेतन, बोनस किंवा महागाईभत्ता यांपैकी एखादा विषय काढणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही मात्र यंदा कॉम्प्रेसर, रंगाची गन आणि वाफ ओढून नेणारा पंखा यांविषयी चार गोष्टी सांगण्याचे ठरविले आहे. आम्ही इंजिनियर नाही. महाविद्यालयाची पायरी चढण्याचा योग आम्हाला आला नाही. जे थोडेबहुत शिकलो ते फिटर, वेल्डर, डेंटर आणि पेंटर यांच्याजवळ बसून, यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका चाळून आणि रात्री वाचनालयात बसून शिकलो. तेव्हा यात जे बरोबर असेल त्याचे श्रेय त्या मंडळींचे आहे.

हा विषय घेण्याचे कारण असे. ऊर्जाबचतीचा शब्द आज प्रत्येक कर्मशाळेच्या भिंतीवर लिहिलेला आढळतो. २००१ साली संसदेने ऊर्जा-संवर्धनाचा कायदा केला, २००२ साली त्याखाली ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि आता तर विजेचे बिल हा प्रत्येक मालकाच्या आणि प्रत्येक महामंडळाच्या काळजीचा विषय झाला आहे. बचत झाली पाहिजे, याविषयी कामगारांचे दुमत असण्याचे कारण नाही. पण बचत दोन प्रकारची असते. वाया जाणारी वीज अडविणे, ही एक. आणि लागणारी वीज तोडणे, ही दुसरी. बिलात दोन्ही सारख्याच दिसतात. दोहोंतला फरक ज्याला कळत नाही, त्याला दुसरी बचत पहिलीच्या नावाने गळ्यात बांधता येते. म्हणून कामगाराने यंत्र समजून घेतले पाहिजे.

कर्मशाळेत वीज जाते कोठे?

महाराष्ट्रातील श्रोत्यांना वाहनांची कर्मशाळा म्हटली की एस. टी. आठवते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस. टी. धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कर्मशाळा उभ्या राहिल्या. जुन्या गाडीचा सांगाडा काढणे, पत्रा बदलणे, नवी बॉडी चढविणे, रंग देणे ही कामे तेथे चालत आली आहेत. याच धर्तीची, पण लहान, अशी शेकडो गॅरेजे महामार्गांच्या कडेला आणि औद्योगिक वसाहतींत आहेत. तेथे बस, ट्रक, टँकर, डंपर यांची दुरुस्ती होते आणि रंगही दिला जातो.

अशा ठिकाणी वीज व इंधन मुख्यतः चार वाटांनी जाते : दाबाची हवा तयार करण्यात, रंगाच्या बंदिस्त खोलीत (तिला कामगार बूथ म्हणतात) हवा खेळविण्यात, रंग वाळविण्यात, आणि उरलेली मोटारी, वेल्डिंग व दिवे यांत. बहुतेक ठिकाणी बचतीचा आरंभ दिव्यांपासून होतो, कारण दिवे सर्वांना दिसतात. खरी गळती पहिल्या तीन वाटांत असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

दाबाची हवा

'नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे' ही म्हण कॉम्प्रेसरला तंतोतंत लागू पडते. हवा फुकट असते, पण दाबाची हवा ही कर्मशाळेतील अत्यंत महाग वस्तू आहे. कॉम्प्रेसरला जितकी वीज द्यावी तिच्यापैकी शेकडा १० ते १५ इतकाच भाग हवेच्या पान्याच्या किंवा ग्राइंडरच्या टोकाशी काम म्हणून मिळतो. बाकीची बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. कॉम्प्रेसरच्या खोलीत उभे राहिले की अंगाला ज्या झळा लागतात, त्या आपल्या बिलाच्याच असतात.

त्यातही गळती आहेच. रबरी नळीचा सैल क्लँप, झिजलेले कपलिंग, पाणी काढण्याचा अर्धवट उघडा राहिलेला कॉक, अशा ठिकाणांहून हवा निसटते. ज्या कर्मशाळेत कोणी लक्ष देत नाही तेथे तयार झालेल्या हवेचा शेकडा २० ते ३० भाग असा वाऱ्यावर जातो. ७ किलो दाबाला ३ मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे ३ किलोवॅट वीज खाते. म्हणजे मुगाच्या दाण्याएवढे भोक एका लहान मोटारीइतकी वीज दिवसभर पिते. रात्री कॉम्प्रेसर बंद केला नाही तर रात्रभरही पिते.

ही गळती मोजण्यास कोणतेही महाग उपकरण लागत नाही. हाती घड्याळ असले म्हणजे पुरते. सुटीच्या दिवशी, हवेवर चालणारे एकही हत्यार चालू नसताना कॉम्प्रेसर सुरू करावा. दाब भरला की तो आपोआप रिकामा फिरू लागतो. गळतीमुळे दाब उतरला की पुन्हा भरू लागतो. भरण्यास लागलेली मिनिटे आणि रिकामे फिरण्याची मिनिटे लिहून ठेवावीत. समजा २ मिनिटे भरतो व ६ मिनिटे रिकामा फिरतो, तर ८ मिनिटांपैकी २ मिनिटे त्याने केवळ गळतीसाठी काम केले. गळती शेकडा २५ झाली. कॉम्प्रेसर ३० किलोवॅटचा असेल, तर हा चौथा हिस्सा म्हणजे साडेसात किलोवॅट. दिवसाला ८ तास व वर्षाला ३०० दिवस धरले तर १८,००० युनिटे. हिशेबापुरता युनिटला १० रुपये दर घेतला तरी वर्षाला १,८०,००० रुपये हवेत गेले, आणि तेही अक्षरशः हवेत.

दुसरी गोष्ट दाबाची. सातच्या आसपास दाब असताना तो एका किलोने उतरविला तर कॉम्प्रेसरची वीज शेकडा ६ ते ७ ने कमी लागते. पुष्कळ ठिकाणी एखाद्या दूरच्या कोपऱ्यातील हत्याराला हवा पुरत नाही म्हणून सगळ्या कर्मशाळेचा दाब वाढवून ठेवलेला असतो. बहुधा दोष अरुंद आणि लांब नळीचा किंवा तुंबलेल्या फिल्टरचा असतो. नळी मोठ्या तोंडाची घातली की दाब उतरविता येतो.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेसर जी हवा आत घेतो तिची. ती हवा ४ अंशांनी तापलेली असेल तर विजेचा खर्च साधारण शेकडा १ ने वाढतो. म्हणून हवा आत घेण्याचे तोंड सावलीत, बाहेर, मोकळ्या जागी असावे. हे तोंड इंजिनाच्या धुराच्या वाटेवर असता कामा नये. याचे आणखी एक आणि अधिक गंभीर कारण आहे, ते पुढे सांगू.

नव्या यंत्रांपैकी गती बदलणारा स्क्रू-कॉम्प्रेसर हा घेण्याजोगा आहे. साधा स्क्रू-कॉम्प्रेसर हवेची मागणी नसतानाही रिकामा फिरत राहतो आणि पूर्ण भाराच्या पाव हिश्शाहून अधिक वीज घेतो. गती बदलणारा कॉम्प्रेसर मागणीप्रमाणे हळू किंवा जलद फिरतो. दुरुस्तीच्या कामात हवेची मागणी सतत कमीजास्त होते, म्हणून येथे तो उपयोगी पडतो. पण गळती न बुजविता असा कॉम्प्रेसर आणणे म्हणजे फुटक्या रांजणाला नवा नळ जोडणे होय. कॉम्प्रेसरची उष्णता पाण्याला देऊन तेच पाणी सुटे भाग धुण्यास वापरण्याची सोयही करता येते. ज्या कर्मशाळेत ग्रीस-तेलाचे भाग रोज धुतले जातात तेथे ती लवकर परवडते.

वीज वाचवायची तर हवेच्या ग्राइंडरऐवजी विजेचा ग्राइंडर वापरावा, असे सांगतात, आणि ते खरे आहे. तेवढ्याच कामाला हवेचे हत्यार कितीतरी पट वीज घेते. पण हा नियम पत्राकामाच्या जागी लावावा. जेथे थिनरची वाफ भरलेली असते तेथे साध्या विजेच्या हत्याराची एक ठिणगी भडका उडवू शकते. तेथे हवेचेच हत्यार योग्य.

गन आणि रंग

रंगाच्या गनचा इतिहास थोडका पण बोलका आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो गावी डॉ. अ‍ॅलन डेव्हिलबिस नावाचे वैद्यक होते. रोग्याच्या घशात औषधाचे तुषार सोडण्यासाठी त्यांनी फवारणीचे उपकरण केले आणि १८८८ साली ते बनविण्याचा धंदा सुरू केला. त्याच कल्पनेवरून त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगाची गन केली. जे साधन घसा बरा करण्यासाठी निघाले, तेच पुढे कामगारांच्या घशावर आले! गनच्या जोडीला जलद वाळणारा रंग आला. जनरल मोटर्सने १९२४च्या सालासाठी काढलेल्या ओकलंड गाडीला ड्यूको नावाचा सेल्युलोजचा रंग दिला. त्याआधी मोटारीला रंग देऊन वाळविण्यात आठवडे जात. ते काम दिवसांवर आले.

जुन्या पद्धतीच्या गनमधून शंभर भाग रंग उडाला तर त्यातले ३० ते ४० भागच पत्र्यावर बसतात. उरलेला रंग धुके होऊन खोलीत पसरतो. मोठ्या प्रमाणात पण कमी दाबाची हवा वापरणारी नवी गन निघाली आहे. तिच्या तोंडाशी दाब १० पौंडांहून अधिक नसतो, आणि तिच्यातून शेकडा ६५ किंवा अधिक रंग पत्र्यावर बसतो. एका बसच्या अंगावर १० लिटर रंग बसावयाचा असेल, तर शेकडा ३५च्या हिशेबाने जुनी गन २८ लिटरांहून अधिक रंग उडविते; नवी गन साडेपंधरा लिटरांच्या आत काम करते. रंग वाचला, थिनर वाचले, बूथची फिल्टरे उशिरा तुंबली, म्हणून पंख्यावरचा भारही कमी राहिला, आणि पेंटरच्या नाकातोंडाशी धुके कमी आले. वीज, माल आणि माणूस या तिघांचेही हित साधणारे यंत्र असेच असते.

तरी येथे एक अट आहे. ही गन पत्र्यापासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे जुनीपेक्षा जवळ, धरावी लागते. हाताची वर्षानुवर्षांची सवय बदलावी लागते, आणि आरंभी काम मंद होते. ज्या ठिकाणी पेंटरला नगावर मजुरी आहे तेथे पहिले काही आठवडे त्याचे उत्पन्न घटते. मग तो गुपचूप जुनी गन काढतो, आणि साहेब म्हणतात, 'पाहा, कामगारांना सुधारणा नको.' कामगारांना सुधारणा नको असते असे नाही. शिकण्याच्या काळातली तूट त्यांनी एकट्याने का सोसावी, हा त्यांचा प्रश्न असतो. शिकण्याच्या मुदतीत नगाचा दर बांधून द्यावा, असा करार करून घेतला की ही अडचण उरत नाही.

बूथचा पंखा

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. बूथमध्ये वरून स्वच्छ हवा येते, गाडीभोवतून खाली उतरते, आणि रंगाचे धुके घेऊन जमिनीतील जाळीतून बाहेर जाते. बसच्या बूथची जमीन १४ मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ७० चौरस मीटर धरा. हवा सेकंदाला ०.३ मीटर वेगाने उतरली पाहिजे असे ठरविले, तर सेकंदाला २१ घनमीटर हवा हलवावी लागते. एवढ्या हवेला मोठे पंखे लागतात. साहजिकच बचतीची कात्री पहिल्याने याच पंख्यांकडे वळते.

आमच्या पाहण्यातील एका कर्मशाळेत अशीच एक सूचना निघाली होती. लहान डागडुजीचा रंग देताना आणि जेवणाच्या सुटीच्या आधीचा अर्धा तास पंखा बंद ठेवावा, असे तीत म्हटले होते. पेंटर मंडळी खोकत होती, पण तक्रार कोणत्या शब्दांत करावी हे त्यांना उमगत नव्हते. 'आम्हाला त्रास होतो' या वाक्याला 'बचत हे राष्ट्रकार्य आहे' असे ठरलेले उत्तर होते. शेवटी आम्ही रविवारी कॉम्प्रेसरजवळ घड्याळ घेऊन बसलो, आणि वर सांगितलेल्या रीतीने गळती मोजली. पंखा बंद ठेवून जेवढी वीज वाचत होती, तिच्या अनेक पट वीज नळ्यांतून निसटत होती. तो कागद पुढे ठेवल्यावर वादाचे काही उरले नाही. नळ्या बदलल्या आणि पंखा पुन्हा सुरू झाला.

पंखा का बंद करू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे. आज बस-ट्रकांना जो टणक, चकचकीत दोन-डब्यांचा रंग देतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळला ज्या वायूने अनर्थ केला तो याच रासायनिक कुळातला. तो अतिशय उडून जाणारा होता, रंगातली द्रव्ये तशी नसतात, पण गनने धुके झाले की तीही छातीत जातात. त्यांच्यामुळे दमा होतो. एकदा शरीराने ती धास्ती घेतली की पुढे अगदी अल्प प्रमाणानेही झटका येतो, आणि पेंटरला आपला धंदा कायमचा सोडावा लागतो. वाईट गोष्ट ही की घातक प्रमाण गाठले तरी त्यांचा वास येत नाही. नाकावर बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. गाळणीच्या मुखवट्याचीही खात्री नाही, कारण गाळणी संपली हे वासावरून कळत नाही. बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा हवा. गन थांबल्यावरही न दिसणारे धुके काही मिनिटे बूथमध्ये राहते, म्हणून लगेच मुखवटा काढू नये व लगेच पंखाही थांबवू नये.

कॉम्प्रेसरच्या तोंडाविषयी जे राहिले होते ते येथे जोडून घ्या. मुखवट्याला हवा पुष्कळदा कर्मशाळेच्याच कॉम्प्रेसरकडून येते. त्याचे तोंड गाड्यांच्या धुराजवळ असेल, किंवा तेलाचा कॉम्प्रेसर फाजील तापत असेल, तर त्या नळीतून कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू माणसाच्या तोंडाशी येऊ शकतो. म्हणून श्वासाच्या हवेला वेगळी गाळणी आणि वायूची तपासणी लागते. थंड आणि स्वच्छ जागची हवा घेतली तर वीजही वाचते आणि माणूसही वाचतो.

मग पंख्यात बचत करूच नये काय? अवश्य करावी, पण योग्य रीतीने. पंख्याची वीज त्याच्या गतीच्या घनाप्रमाणे बदलते. गती शेकडा ८० केली तर वीज शेकडा ५१ इतकीच लागते. पंख्याला गती बदलणारे यंत्र, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, बसवावे. गाडीवर कागद चिकटविणे, पुसणे, अशी कामे चालू असताना ते गती उतरवील, आणि गन सुरू होताच पूर्ण गती देईल. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब दाखविणारे साधे काचेचे माप भिंतीवर लावावे, म्हणजे फिल्टर केव्हा बदलावे हे अंदाजावर राहत नाही.

वाळविणे

सर्वांत मोठी बचत वाळविण्यात आहे. बूथमधील हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर नेऊन अर्धा तास ठेवावयाची असे धरू. एक घनमीटर हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. सेकंदाला २१ घनमीटर हवा तापवून सरळ बाहेर सोडली, तर ७५६ किलोवॅट उष्णता धुराड्यातून जाते. अर्ध्या तासात ती ३७८ युनिटांइतकी होते, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर डिझेल. हीच हवा शेकडा ९० परत फिरविली आणि १० नवी घेतली, तर धुराड्यातून जाणारी उष्णता दशांशावर, म्हणजे ४ लिटरांच्या आत येते. भिंती व पत्रा तापविण्याचा खर्च यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे सारखाच.

पण हवा परत फिरविण्याची कळ केवळ वाळविताना, माणूस आत नसताना, दाबावयाची. फवारणी चालू असताना नव्हे. वाळवितानाही थोडी नवी हवा घेतलीच पाहिजे, म्हणजे थिनरची वाफ स्फोटाच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. आणि बर्नर पेटविण्याआधी काही मिनिटे पंखा चालवून बूथ धुऊन काढला पाहिजे. हे क्रम यंत्रातच बांधलेले असावेत. कोणाच्या लक्षात राहण्यावर सोडू नयेत.

एकच दरवाजा किंवा एकच पत्रा रंगविला असेल तर सगळा बूथ तापविणे म्हणजे एक भाकरी भाजण्यासाठी भट्टी पेटविणे. त्यासाठी अवरक्त किरणांचे, म्हणजे इन्फ्रारेड, दिवे मिळतात. ते मधल्या हवेऐवजी रंग आणि पत्रा तापवितात. आता त्यांचे महत्त्व आणखी वाढले आहे. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली विजेची बस 'शिवाई' धावली. अशा गाडीत मोठी बॅटरी असते, आणि ती किती तापू द्यावी याची मर्यादा गाडी करणाऱ्याने घालून दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय विजेची गाडी गरम बूथमध्ये ढकलू नये.

मोटारी, वेल्डिंग व दिवे यांविषयी थोडक्यात. साडेसात किलोवॅटची चार-पोलची मोटार जुन्या आयई-१ प्रतीची असेल तर तिची कार्यक्षमता शेकडा ८६. आयई-३ प्रतीची असेल तर ९०.४. पूर्ण भाराने वर्षाला २,४०० तास चालली तर सुमारे १,००० युनिटांचा फरक पडतो. जळालेली मोटार पुन्हा गुंडाळण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. जुने ट्रान्सफॉर्मरचे वेल्डिंग-यंत्र काम नसतानाही वीज खात बसते. इन्व्हर्टरचे यंत्र पुष्कळ कमी खाते, आणि वजनाला हलके असल्याने वेल्डरची पाठही वाचते. जुनी ४० वॅटची नळी चोकसह ५५ वॅटपर्यंत जाते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी चालते. मात्र रंग जुळविण्याच्या जागी रंग खरे दाखविणारा दिवा घ्यावा, नाहीतर रात्री जुळलेला रंग सकाळी उन्हात उघडा पडतो आणि काम दुसऱ्यांदा करावे लागते. दुसऱ्यांदा केलेल्या कामाइतकी महाग वीज दुसरी नाही.

कामगारांनी काय करावे?

१९४८च्या कारखाने कायद्याच्या १४व्या कलमात असे होते की, धूळ किंवा वाफ जेथे उठते त्याच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून नेण्याची व्यवस्था असावी. भोपाळनंतर, १९८७ साली, त्याच कायद्यात सुरक्षा समितीची तरतूद आली, आणि तीत व्यवस्थापन व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत असे ठरले. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला असला, तरी सुरक्षा समितीची कल्पना तीतही आहे. ही समिती पुष्कळ ठिकाणी चहापुरती भरते. तिला काम द्यावयाचे तर ऊर्जाबचतीचे द्यावे. बाहेरचा तपासनीस कर्मशाळेत दोन दिवस असतो. कोणती नळी सुसकारते, कोणता पंखा गरगरतो पण ओढत नाही, हे तेथे वीस वर्षे काम केलेल्या माणसाला डोळे मिटून ठाऊक असते. त्याला विचारले पाहिजे.

आमच्या मते प्रत्येक संघटनेने चार गोष्टी मागाव्यात. वीजतपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी बरोबर असावा. तीन महिन्यांतून एकदा सुटीच्या दिवशी गळती मोजावी, त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि आकडा फलकावर लिहावा. फवारणी चालू असताना बूथचा पंखा कोणत्याही सबबीवर बंद किंवा मंद होणार नाही, हे लेखी असावे. आणि बचतीच्या पैशातला पहिला हिस्सा हवा पुरविणाऱ्या मुखवट्यांवर व पेंटरांच्या वर्षातून होणाऱ्या फुफ्फुसतपासणीवर खर्च व्हावा. बोनसची बोलणी त्यानंतर करू.

यांपैकी एकही मागणी मालकाला बुडविणारी नाही. उलट पहिल्या दोहोंनी त्याचा खर्च घटतो. मोजमाप हाती असले की आवाज चढवावा लागत नाही, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. ज्यांच्या कर्मशाळेत कॉम्प्रेसर आहे त्यांनी येत्या सुटीच्या दिवशी घड्याळ घेऊन त्याच्याजवळ अर्धा तास बसावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.